निकाल छापा, पण छेदासकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की शंभर टक्के निकालाच्या हायस्कुलांची नावे वर्तमानपत्रांत छापून येतात. हल्ली त्यांच्याच शेजारी घरबसल्या दहावी-बारावी करून देणाऱ्या छोट्या आभासी शाळांच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. विद्यार्थी पन्नास-शंभर, वर्ग मोबाईलवर, परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, आणि खाली ठळक टाइपात निकालाची टक्केवारी. ही टक्केवारी बहुधा खोटी नसते. पण ती कशाने भागून काढली हे तिथे लिहिलेले नसते, आणि आभासी शाळेच्या बाबतीत सगळी गोम त्या छेदातच आहे.

आधी हिशेब मांडू. समजा, एका आभासी शाळेत दहावीला ६४ मुलांनी प्रवेश घेतला. सहा आठवड्यांनी त्यातली ५१ वर्गाला येत होती. टीएमए, म्हणजे गुण मिळणारे गृहकार्य, ४३ जणांनी दिले. परीक्षेचा अर्ज ३८ जणांनी भरला, प्रत्यक्ष पेपरला ३४ बसली आणि पाचही विषयांत १९ उत्तीर्ण झाली. आता शाळा काय छापेल? ३४ मुलांचे पाच-पाच विषय म्हणजे १७० पेपर. त्यातले १२५ सुटले असतील तर विषयवार निकाल ७३ टक्क्यांच्या वर. जरा सरळ वागणारी शाळा १९ ला ३४ ने भागून ५६ टक्के म्हणेल. पण पालकाने फी भरली तेव्हा त्याच्या मुलाबरोबर एकूण ६४ मुले होती. त्याच्यासाठी निकाल १९ भागिले ६४, म्हणजे जेमतेम ३० टक्के. शाळा तीच, वर्ष तेच, आणि तिन्ही आकडे खरे.

नेहमीच्या हायस्कुलात हा फरक फारसा पडत नाही. वर्षाच्या सुरुवातीला दहावीच्या वर्गात बसलेले मूल सहसा वर्षअखेर परीक्षेलाही बसते, आणि नाही बसले तर वर्गशिक्षक घरी निरोप धाडतात. आभासी शाळेत मूल गळते ते परीक्षेच्या खूप आधी, आणि बाक रिकामा दिसत नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. एनआयओएसचा प्रवेश पाच वर्षे चालतो आणि त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. म्हणजे पहिल्याच परीक्षेच्या निकालावरून शाळा निकालात काढणेही चूक. वरच्याच उदाहरणात पुढच्या सत्रात आणखी आठ आणि त्यानंतरच्या सत्रात चार मुले सुटली, तर ६४ पैकी ३१ म्हणजे ४८ टक्के होतात. ३० आणि ४८ यांतले अंतर म्हणजे नापास झालेल्या मुलाचा पाठपुरावा करणारी शाळा. हा पाठपुरावा किती शाळा करतात? बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी नव्या तुकडीचे प्रवेश सुरू झाले की जुन्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप थंड पडतो.

मुले नेमकी कुठे अडखळतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. अभ्यास न झेपल्याने गळणारी असतात, पण कागदावर गळणारी त्यांच्याहून कमी नसतात. पहिली अडचण परीक्षेच्या अर्जाची. प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेचीही भरली, असा पालकांचा समज असतो. तसे नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याची फी विषयागणिक वेगळी, मुदत वेगळी. एप्रिलच्या परीक्षेचा अर्ज हिवाळ्यात भरायचा आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा जून-जुलैच्या सुमारास. मुदत टळली की आधी विलंबशुल्क, आणि तेही टळले की सहा महिने गेले. दुसरी अडचण टीएमएची. याला २० टक्के वजन असते. मुदत साधारणपणे जानेवारीअखेर किंवा जुलैअखेर असते, आणि जुलैअखेर म्हणजे आपल्याकडे ऐन पाऊस. वहीची पाने मोबाईलवर टिपून, पीडीएफ करून, संकेतस्थळावर चढवायची असतात. फाईल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी झाली तर ती स्वीकारली जात नाही. पुष्कळ मुले 'पाठवले' असे समजून मोकळी होतात. पोच उघडून पाहत नाहीत.

तिसरी अडचण प्रात्यक्षिकांची, आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते. विज्ञानाला प्रात्यक्षिक असणार हे कोणीही ओळखतो. एनआयओएसमध्ये गणितालाही प्रात्यक्षिक परीक्षा असते, हे पालकांना सांगितले की ते आपल्याकडे पाहतच राहतात. डेटा एंट्री ऑपरेशन्स या विषयात तर प्रात्यक्षिकाचे गुण लेखीपेक्षा जास्त. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ३३ टक्के लागतात, आणि प्रात्यक्षिक मोबाईलवर होत नाही. नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रात, नेमून दिलेल्या दिवशी हजर राहावे लागते. ऑक्टोबरच्या परीक्षेची प्रात्यक्षिके लेखीच्या आधी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उशिरा असली की मूल गावी असते, फोन घरातल्या कोणाच्या तरी खिशात असतो आणि वेळापत्रकाचा निरोप तिसऱ्या दिवशी वाचला जातो. मग गुणपत्रिकेत त्या विषयापुढे 'एसवायसीपी' असा शेरा येतो, म्हणजे प्रात्यक्षिक अजून सुटायचे आहे. लेखीचे गुण जमा राहतात, ते पुन्हा द्यावे लागत नाही. पण हे समजावून सांगणारे कोणी नसल्यामुळे मूल स्वतःला नापास समजते आणि विषय सोडून देते.

चौथी अडचण नावाची. जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर नाव सारखे लागते. गोव्यात एका कागदावर 'नाईक' शेवटी 'के' घालून आणि दुसऱ्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाने 'क्यूयूई' घालून लिहिलेले असणे नवलाचे नाही. हा फरक प्रवेशाच्या दिवशी पकडला तर दुरुस्तीला वेळ मिळतो. हॉलतिकिटाच्या दिवशी सापडला तर नाही.

आता विषय निवडीबद्दल, कारण निकाल फुगवण्याची सर्वांत सोपी आणि पूर्णपणे नियमात बसणारी युक्ती इथे आहे. एनआयओएसच्या दहावीला गणित आणि विज्ञान घेतलेच पाहिजे असे नाही. पाच विषय हवेत आणि त्यांत भाषा हवी, एवढे पाळले की गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री, भारतीय संस्कृती व वारसा असे विषय घेता येतात. मराठी हा विषय आहे, आणि मराठी माध्यमही आहे. ज्या मुलीला गणिताने तीन वर्षे छळले तिच्यासाठी ही सवलत म्हणजे खरोखर वरदान. पण शाळा जेव्हा प्रत्येक मुलाच्या अर्जात तेच सोपे पाच विषय भरते, तेव्हा निकाल वर जातो आणि मुलाच्या पुढच्या वाटा बंद होतात. पणजी, मये आणि काकोडा इथल्या सरकारी तंत्रनिकेतनांत पदविकेला दहावीचे गणित-विज्ञान लागते. होंडा किंवा फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर अशा ट्रेडलाही तेच. अकरावी विज्ञानाचा तर प्रश्नच नको. पालकाला हे कळते ते प्रमाणपत्र हातात पडल्यावर. म्हणून निकालाच्या शेजारी आणखी एक आकडा छापला पाहिजे: उत्तीर्णांपैकी किती जणांनी गणित आणि विज्ञान दोन्ही घेतले होते?

यावर उपाय अवघड नाही. प्रवेशाच्या आठवड्यात चाळीस मिनिटांची चाचणी घ्यावी: एक उतारा वाचून पाच उत्तरे, अपूर्णांक आणि शेकडेवारीची दहा उदाहरणे. निम्म्याहून कमी उदाहरणे जमली तर मुलाला पहिल्या सत्रात तीन विषयांचे अर्ज भरायला लावावेत आणि गणित पुढच्या सत्रासाठी ठेवावे. संधी नऊ आहेत. पाचही विषय एका दमात सोडवण्याचा हट्ट शाळेच्या जाहिरातीसाठी असतो, मुलाला त्याचा उपयोग नसतो. शिवाय जे मूल मंडळाच्या परीक्षेत दोन-तीन विषयांत आधीच उत्तीर्ण झाले आहे, त्याचे दोन विषयांपर्यंतचे गुण एनआयओएसकडे वर्ग करून घेता येतात. ही तरतूद असूनही मूळ गुणपत्रिका वेळेवर जोडली नाही म्हणून पाचही विषय पुन्हा देणारी मुले दरवर्षी भेटतात. (गोवा मंडळाच्या परीक्षेत मिळणारे खेळाचे गुण मात्र इथे मिळत नाहीत. चांगल्या फुटबॉलपटूच्या घरच्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.)

इतके सगळे आभासी शाळांना ऐकवल्यावर हायस्कुलांनाही थोडे ऐकवणे भाग आहे. या शाळांत मुले येतात कुठून? शंभर टक्क्यांच्या यादीत राहण्याची धडपड करणारे हायस्कूल नववीच्या शेवटी कच्च्या मुलाच्या पालकाला बोलावते आणि 'ओपनमधून करा, सोपे जाईल' असे सुचवते. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वयापर्यंतचे, आणि एनआयओएसच्या दहावीला प्रवेशाचे किमान वय १४. म्हणजे कायद्याचा हात जिथे सुटतो तिथेच ही वाट सुरू होते. मूल हायस्कुलाच्या छेदातून बाहेर पडते, त्याचा निकाल सुधारतो, आणि आभासी शाळेचा घसरतो. दोघांची टक्केवारी शेजारी शेजारी छापून तुलना करणे म्हणजे अन्याय आहे. तुलना करायचीच तर मूल कुठल्या पातळीवर आत आले आणि कुठे पोहोचले याची करावी, आणि त्यासाठीही वरची चाळीस मिनिटांची चाचणी कामी येते.

सरकारी नोंदीतही ही मुले मध्येच लोंबकळतात. शाळांची माहिती जिथे भरली जाते त्या यूडायस प्लसवर आता प्रत्येक मुलाचा कायम शैक्षणिक क्रमांक असतो. शाळा सोडली की मुलाची नोंद ड्रॉपबॉक्समध्ये जाते आणि नव्या शाळेने ती ओढून घ्यायची असते. ती कोणी ओढून घेतलीच नाही, तर घरी नेमाने अभ्यास करणारे मूल आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये कामाला लागलेले मूल कागदावर सारखेच दिसते. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा आपल्या तालुक्यातली ड्रॉपबॉक्सची यादी काढून प्रत्येक पालकाला फोन केला, तरी खरी गळती किती हे कळेल. एका तालुक्यासाठी हे फार तर काही दिवसांचे काम.

बाहेर हा अनुभव घेऊन झालेला आहे. अमेरिकेत ऑनलाइन सार्वजनिक शाळा आपल्या कितीतरी आधी सुरू झाल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २०१५ मध्ये ऑनलाइन चार्टर शाळांतल्या, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या शाळांतल्या, मुलांची तुलना तशाच पार्श्वभूमीच्या, नेहमीच्या शाळांतल्या मुलांशी केली. १८० दिवसांच्या शालेय वर्षात ही मुले वाचनात ७२ दिवसांच्या आणि गणितात तब्बल १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे पडत होती. गणितात म्हणजे वर्षच वाया. त्याच पाहणीच्या जोडीने झालेल्या मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेच्या अभ्यासात कारणाचाही एक धागा सापडतो: नेहमीच्या शाळेत मुलाला एका दिवसात शिक्षकाचा जितका थेट सहवास मिळतो, त्याहून कमी या शाळांत आठवड्याला मिळत होता.

हजेरी कशाला म्हणायचे याचा धडा ओहायो राज्याने घेतला. तिथल्या 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो' या शाळेने २०१५-१६ साठी सुमारे १५,३०० विद्यार्थ्यांचे अनुदान घेतले. राज्याने लॉगिनच्या नोंदी तपासल्या तेव्हा सुमारे ६,३०० पूर्णवेळ विद्यार्थ्यांचाच हिशेब लागला. उरलेले पैसे परत करण्याचा आदेश निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, भर सत्रात, शाळा बंद पडली. हजारो मुले रातोरात दुसरी शाळा शोधू लागली. याच्या उलट फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल. १९९७ पासून चालू असलेल्या या शाळेला अनुदान मिळते ते मुलाने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केल्यावर. नुसते नाव घातल्याबद्दल नाही. साहजिकच मूल गळू लागले की शाळेला स्वतःच्या गरजेपोटी फोन उचलावा लागतो.

आपल्याकडे केंद्राने एनआयओएसची आभासी शाळा ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केली. दिल्ली सरकारने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी नववी ते बारावीची आपली आभासी शाळा 'देशातली पहिली' म्हणून जाहीर केली, तेव्हा पहिली कोणाची यावरून खुलासे निघाले. पहिलेपणाचा तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. गोव्यातल्या पालकाला हवी आहे ती टिकलेल्या मुलांची संख्या.

टिकण्याचा संबंध इंटरनेटच्या जोडणीशीही आहे. २०२०-२१ मध्ये सांगे आणि सत्तरीच्या काही गावांतली मुले रेंजसाठी डोंगर चढत होती हे आपण वाचले आहे. आता मनोरे वाढले, पण डेटाचा हिशेब सुटलेला नाही. थेट व्हिडिओ वर्गाला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी लागतो. दिवसाला तीन तास वर्ग झाला की दीड जीबीचा पॅक संपला, आणि त्या फोनवर घरात दुसरे भावंड असेल तर दुपारीच. तोच तास ध्वनिमुद्रित करून, ६४ केबीपीएसने, फळ्याच्या चार-पाच छायाचित्रांसह पाठवला तर तीसएक एमबीत भागतो. वीज गेली तरी मूल रात्री ऐकू शकते. थेट वर्ग आठवड्याला प्रत्येक विषयाचा एकच, शंकांसाठी ठेवावा. खर्च करायचा तो फोन करणाऱ्या माणसावर. पंचवीस-तीस मुलांमागे एक मार्गदर्शक आणि सलग सात दिवस काम न देणाऱ्या मुलाला आठव्या दिवशी फोन, हा नियम पाळला तर सहा आठवड्यांतली गळती नक्की कमी होते. लॉगिनवर विसंबू नये. फोन चार्जिंगला लावून वर्ग चालू ठेवणारी मुले आम्हां सर्वांना परिचित आहेत. हजेरी धरायची ती जमा केलेल्या कामाची.

छोट्या शाळेच्या आकड्यांची एक वेगळीच अडचण असते. ३४ मुलांत एक मूल म्हणजे जवळजवळ तीन टक्के. आठच मुले बसली असतील तर एक मूल साडेबारा टक्के. गेल्या वर्षी ७५ आणि यंदा ८७.५ टक्के, असे 'घवघवीत' यश प्रत्यक्षात एका मुलाचे असते. म्हणून पन्नासपेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या शाळेने तीन वर्षांच्या तुकड्या एकत्र करून निकाल द्यावा, आणि शक्यतो टक्क्यांऐवजी '१९ पैकी ३४' असे उलटसुलट न लिहिता '३४ पैकी १९' असे सरळ लिहावे. शिवाय तालुकावार फोड करताना तक्त्यातले पाचपेक्षा कमी संख्या असलेले रकाने एकत्र करावेत. काणकोणच्या एखाद्या वाड्यावरचा 'नापास १' हा आकडा म्हणजे त्या मुलाचे नाव छापण्यासारखेच.

शिक्षण खात्याकडे आमची मागणी मर्यादित आहे. गोव्यात प्रवेश देणाऱ्या प्रत्येक आभासी शाळेने दरवर्षी ३० सप्टेंबरला एक पानभर तक्ता जाहीर करावा: प्रवेश किती, सहा आठवड्यांनी किती, टीएमए दिलेले किती, परीक्षेचा अर्ज भरलेले किती, बसलेले किती, पाचही विषयांत सुटलेले किती, त्यांतले गणित-विज्ञानवाले किती आणि पुढे अकरावी, आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात गेलेले किती. प्रत्येक तुकडीचा तक्ता तीन सत्रांपर्यंत सुधारत न्यावा. जे मूल 'दुसऱ्या शाळेत गेले' म्हणून छेदातून वगळले असेल, त्याच्या नव्या शाळेचा दाखला दप्तरी ठेवावा. नुसत्या पालकाच्या तोंडी शब्दावर वगळू नये. आणि जाहिरातीत टक्केवारी द्यायची असेल तर ती प्रवेशसंख्येने भागूनच द्यावी.

पालकांनी तोवर थांबायचे कारण नाही. फी तीन हप्त्यांत भरण्याची अट घालावी: पहिला प्रवेशाला, दुसरा टीएमएची पोच दाखवल्यावर, तिसरा हॉलतिकीट हातात आल्यावर. प्रमाणपत्रावर कोणत्या मंडळाचे नाव असेल हे लेखी घ्यावे, कारण ते परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे असते, आभासी शाळेचे नसते. मंडळ अनोळखी वाटले तर पर्वरीला गोवा शालान्त मंडळाच्या कार्यालयात जाऊन ते अकरावीला चालते की नाही हे पैसे भरण्याआधी विचारावे. एनआयओएसचा नोंदणी क्रमांक आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवावा. अर्जात शाळेने आपला मोबाईल क्रमांक घातला असेल तर तो बदलून घरचा घालायला लावावा, नाहीतर प्रात्यक्षिकाचा निरोप पुन्हा दुसऱ्याच्याच फोनवर जाईल.

आपले,
मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना शिकवणारे काही शिक्षक,
फोंडा